घरात बोलणारं माणूस

रविवार, २२ एप्रिल १९७९
प्रताप नगर, नागपूर

जागा मिळाली. आत्याला पलंगावर झोपवून, पंखा लावून, दारात बसून हे लिहिते आहे, आणि कितीतरी दिवसांनी आज मला भूक लागली आहे.

काल गोपाळदादा आणि मी दिवसभर खोली शोधत फिरलो. सुरुवात सगळीकडे चांगली होई. दवाखान्याजवळ हवी, म्हातारं माणूस आहे, दीड-दोन महिने राहू, असं सांगितलं की लोक हळहळत, पाणी देत. मग आडनाव विचारत. आडनाव ऐकलं की खोली कालच कुणाला तरी कबूल केलेली निघे. दादा बाहेर येऊन नुसता चपला घालायला वेळ लावत होता. शेवटी दवाखान्यातल्या रांगेत एका बाईंनी हे घर सांगितलं. त्यांचा दीर इथे राहून उपचार घेऊन गेला होता म्हणे.

नवीन लेआउट आहे. चार-दोन घरं, बाकी आखून ठेवलेले रिकामे प्लॉट आणि बाभळी. मालक वामनराव खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झाले आणि त्यांनी हे घर बांधलं. त्यांच्या पत्नी जिजाबाई फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी आडनाव विचारलं नाही. कुठून आलो तेही दादानंच सांगितलं, की भिवापूरकडचे आहोत, मी तिथल्या शाळेत मास्तरीण आहे, ही आमची आत्या, मीराबाई, आई गेल्यावर हिनंच आम्हा दोघांना वाढवलं. जिजाबाई आत्याकडे बघत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, की म्हातारीला बोलता येतं का?

मी म्हटलं, येतं की. गाठ जिभेच्या मुळाशी आहे, दुखतं, पण बोलते.

तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "मंग या, राहा. घर लय मुकं झालं आमचं. घरात बोलणारं माणूस पायजे."

खोली मोठी आहे. खिडकीला वाळ्याची टट्टी, बाहेर नळ, मोरी आतच. आत्याला अंगणसुद्धा ओलांडावं लागणार नाही. दादा संध्याकाळच्या गाडीनं गेला. जाताना आत्याच्या पायाशी बसून रडला, आणि आत्यानंच त्याची समजूत काढली.

मंगळवार, २४ एप्रिल

कालपासून शेक सुरू झाले, म्हणजे रेडिएशन. डॉक्टरांनी आत्याच्या गळ्यावर आणि गालावर जांभळ्या शाईनं रेघा आखल्या आहेत. त्या पुसायच्या नाहीत. मशीनखाली ती एकटीच असते, आम्ही जाड दाराबाहेर. आत दुखत नाही म्हणाली, फक्त थंडी वाजते.

डॉक्टर तरुण आहेत, पण नीट समजावतात. रविवार सोडून रोज यायचं. मध्ये खंड पडला तर केलेलं सगळं वाया जाईल. तोंड सोलवटेल, गिळता येणार नाही, आवाज जाईल. घाबरायचं नाही, उपचार संपल्यावर आवाज हळूहळू परत येतो.

आवाज जाईल म्हटल्यावर आत्याचा चेहरा उतरला. तिचं बाकी सगळं थकलं आहे. हाडं वर आली आहेत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस नुसतं सावलीसारखं दिसतं, आवाजावरून ओळखते. पण तिचा आवाज अजून तसाच आहे. गावच्या विहारात वंदना तीच सांगायची आणि तळ्यापलीकडे ऐकू जायची. समोरच्या दातांत फट आहे, त्यामुळे तिचा 'स' बारीक शिट्टी मारल्यासारखा निघतो. लहानपणी आम्ही तिची नक्कल करायचो.

सायकलरिक्षावाला ठरवला आहे, लहानू. सकाळी लवकर येतो, म्हणजे ऊन चढायच्या आत परत येता येतं. दीक्षाभूमीवरून जातो. तिथे स्तूपाचं बांधकाम सुरू आहे. आत्याला दिसत नाही, पण लहानू तिथे रिक्षा हळू करतो आणि "आली वं माय" म्हणतो. ती हात जोडते. छप्पन साली ती गावच्या बायांबरोबर इथे आली होती, पांढरं लुगडं नेसून. तेव्हाचं सगळं मला रोज नव्यानं सांगते.

परत आलो तर जिजाबाईंनी पेज करून ठेवली होती. मी कपडे धुवेपर्यंत त्या आत्याजवळ बसल्या आणि तिला बोलतं केलं. छप्पन साल पुन्हा एकदा झालं.

रविवार, २९ एप्रिल

आज दवाखाना नाही. आत्याचे केस विंचरले.

इथे दुपार म्हणजे काही औरच. अकरा वाजले की रस्त्यावर कुत्रंही नसतं. लू सुटते. दारं-खिडक्या बंद करून, टट्टीवर पाणी मारून लोक अंधारात पडून राहतात. गावाकडेही ऊन असतं, पण तिथे माणसांची चाहूल असते. इथे चारी बाजूंना मोकळे प्लॉट, पांढरं ऊन, आणि काहीच नाही.

जिजाबाईंचे उपकार कसे फेडावेत कळत नाही. पेज, सूप, मीठ-सोड्याच्या गुळण्या, सगळं वेळेवर. माझ्याआधी त्यांना कळतं की आत्याला काय हवं. त्यांना बोलण्याची फार हौस आहे, म्हणजे ऐकण्याची. स्वतः थोडं बोलतात, पण प्रश्न विचारत राहतात. शाळेत काय शिकवते, मुलांवर ओरडावं लागतं का, लग्न काहून नाही केलं. मी बोलायला लागले की त्या डोळे मिटून घेतात. त्यांचा स्वतःचा आवाज मात्र विचित्र आहे. कधी घोगरा, कधी एकदम बारीक. दमा असेल कदाचित.

वामनराव अजिबात बोलत नाहीत. आल्या दिवसापासून एक शब्द ऐकला नाही. अंगणात कडुलिंबाखाली बसून असतात. जिजाबाईच त्यांचं सांगतात, हे म्हणतात भात मऊ झाला, हे म्हणतात पोरीचं अक्षर चांगलं असल. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, ते पहिल्यापासून घुमेच आहेत.

काल दुपारी त्यांच्याकडे पाहुणे आले होते. स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू येत होतं. एक म्हातारा खोकत पाणी मागत होता, एक बाई हसत होती, एक मुलगी पाढे म्हणत होती. तेराचा पाढा चुकत होती, मला राहवेना, उठून सांगणार होते. पण आत्याला झोप लागली होती. चारला बाहेर आले तर कुणी नव्हतं. पाहुणे गेले म्हणाल्या. एवढ्या उन्हात लहान मुलीला घेऊन कसे गेले असतील?

शुक्रवार, ४ मे

आत्याच्या तोंडात फोड आले आहेत. काल नाकातून नळी घातली. पेज आता नळीतूनच.

आवाज गेला. बुधवारी सकाळी दीक्षाभूमीजवळ तिनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. डॉक्टर म्हणाले, अपेक्षेपेक्षा लवकर गेला, पण होतं असं.

ती ओठ हलवते, मला काही कळत नाही. मी कान तिच्या तोंडाजवळ नेते, तरी नाही. जिजाबाईंना कळतं. दारातूनच म्हणतात, उशी खाली घे म्हणते, पाय चोळ म्हणते. आणि ते बरोबर असतं. उशी खाली घेतली की आत्या डोळे मिटते.

बरंच झालं म्हणायचं. पण मला कसंतरी झालं. बत्तीस-तेहतीस वर्षं मी हिच्या हाताखाली वाढले, आणि हिला काय हवं ते मला दुसऱ्या बाईनं सांगावं.

मंगळवार, ८ मे

आज जिजाबाई आत्याला वारा घालत बसल्या होत्या. सहज म्हणाल्या, की माझी आई गेली तेव्हा मी अंगावर पिती होते, रडून निळी पडायचे, आणि आत्यानं स्वतःची कोरडी छाती माझ्या तोंडात दिली होती. मी गप्प राहावं म्हणून. दाराला कडी लावून, कुणी पाहू नये म्हणून.

मला हे माहीत नव्हतं.

मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? त्या म्हणाल्या, तिनंच, आत्ता सांगितलं. मी आत्याकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं.

आवाज जायच्या आधी कधीतरी सांगितलं असेल. तसंच असणार.

शनिवार, १२ मे

बुद्धपौर्णिमा. दवाखान्यातून लवकर परत आलो. मी पांढरी साडी नेसले, आत्यालाही पांढरं नेसवलं, खिडकीत मेणबत्ती लावली. यंदा आत्याच्या वतीनं मी वंदना म्हणणार होते.

मी तोंड उघडायच्या आत वंदना सुरू झाली.

आत्याचा आवाज. आजारी पडायच्या आधीचा, भरलेला, तळ्यापलीकडे जाणारा. स्वयंपाकघरातून येत होता. प्रत्येक 'सरणं'ला ती बारीक शिट्टी.

मी पलंगाकडे पाहिलं. आत्या पलंगावर होती. तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. जिजाबाई चुलीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. एकट्या. त्यांची मान वर होती, आत्या धरायची तशी. तिसऱ्यांदा शरण गेल्यावर त्या थांबल्या, वळल्या, आणि आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, की तिला म्हणायचं होतं, म्हणून मी म्हटलं.

त्यांचे सगळे दात शाबूत आहेत. कुठेही फट नाही.

सोमवार, १४ मे

रविवारी आत्याला झोपवून दुसरी खोली शोधायला निघाले. धरमपेठ, लक्ष्मीनगर, सगळीकडे तेच. एका घरी आडनाव सांगायच्या आधीच बाई म्हणाल्या, कॅन्सरचा पेशंट नको, पोरंबाळं आहेत. दवाखान्याचा वॉर्ड भरलेला आहे, व्हरांड्यात चटया टाकून लोक पडले आहेत. डॉक्टरांना म्हटलं, घरी घेऊन जाते. ते चिडले नाहीत, पण स्पष्ट बोलले. गाठ निम्म्यावर आली आहे. आता सोडलंत तर ती महिन्याभरात गळा बंद करेल. आणि या उन्हात नळी लावलेलं माणूस व्हरांड्यात ठेवू नका, दोन दिवस काढणार नाही.

म्हणजे इथेच राहायचं.

आज दुपारी पुन्हा पाहुण्यांचे आवाज आले. मी अनवाणी गेले आणि दाराच्या फटीतून पाहिलं.

पाहुणे नाहीत. जिजाबाई फरशीवर पाय पसरून चिंच निवडत बसल्या होत्या. म्हातारा त्यांच्या तोंडातून खोकला. त्यांच्याच तोंडातून ती बाई हसली. मुलगी तेराचा पाढा म्हणाली आणि चुकली. मग आत्या बोलली, "थांब वं पोरी, सावकाश म्हण." आणि मुलीनं पुन्हा सुरू केला. जिजाबाईंचे हात चिंच निवडतच होते. त्यांचा चेहरा इतका सुखी होता, की भरल्या घरात बसलेली बाईच जणू.

मग एक पुरुषी आवाज म्हणाला, जिजा, चहा ठेव.

बाहेर अंगणात वामनरावांनी झटकन मान वर केली. त्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. त्यांचाच आवाज होता तो.

बुधवार, १६ मे

सकाळी नळावर वामनराव आले. जिजाबाई आंघोळीला गेल्या होत्या. मी त्यांना सरळच विचारलं, की हे काय आहे, तुमचा आवाज—

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. मान हलवली, नाही, नाही. मग न्हाणीघराकडे बोट केलं, माझ्या ओठांकडे केलं, आणि मूठ मिटली. त्यांचे डोळे भरून आले होते. तोंड उघडून काही सांगायचा प्रयत्न केला, आतून फुंकर मारल्यासारखी नुसती हवा आली. आत्यासारखीच.

कळलं. जिजाबाईशी बोलायचं नाही. जेवढं बोलू तेवढं ती घेते.

किती बोलले मी. आल्यापासून किती बोलले.

दादाला पत्र लिहिलं. मिळेल ती गाडी घेऊन रविवारी ये, आत्याला कुठेतरी हलवायचं आहे, कारण आल्यावर सांगते. दवाखान्यातून येताना स्वतःच्या हातानं पेटीत टाकलं.

गुरुवार, १७ मे

लहानू आला नाही. उन्हं वर आली तरी नाही. शेवटी मी धावत चौकात गेले. तो तिथेच, रिक्षात बसलेला. मी विचारलं, काहून आला नाही? तो गोंधळला. म्हणाला, "बाई, तुमीच तं काल सांगतलं ना खिडकीतून, का आता येऊ नोको, आत्याबाईचा इलाज संपला म्हणून."

मी काल दुपारी खिडकीशी गेलेच नव्हते. आत्याजवळ झोपले होते.

त्याला म्हटलं, यापुढे मी समोर उभी राहून सांगितल्याशिवाय काही ऐकू नकोस. तो हो म्हणाला, पण माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होता. उशिरा पोचलो. शेक झाला. डॉक्टरांनी घड्याळ दाखवलं.

परत येताना माझा आवाज चिरकत होता.

शुक्रवार, १८ मे

मी जिजाबाईशी एक शब्द बोलत नाही. ती दारात येऊन बसते. विचारते, शाळेत किती पोरं, पहिल्या पोराचं नाव काय, आत्याला नळीतून किती देऊ. मी मान हलवते. ती थकत नाही. आज म्हणाली, "काहून वं, रुसली का? मी काय वाईट करून राहिली तुमचं? तिले तरी माह्याजवळ बोलता येते. तुह्याजवळ येते का?"

मी आत्याची उशी सारखी केली.

घसा बसला आहे. डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं, काही नाही म्हणाले. ऊन आणि टट्टीची ओल. मी त्यांना सगळं सांगायला तोंड उघडलं, आणि अर्ध्यात आवाज तुटला. मागे रांग होती.

आत्याला माझं काय झालंय ते कळत नाही. तिला दिसत नाही, आणि मी कुजबुजते ते ऐकू येत नाही. आज तिनं हातानं माझा चेहरा चाचपला. नाक, हनुवटी, केस. खात्री करून घेतल्यासारखा. मग हात मागे घेतला.

शनिवार, १९ मे

शेक झाला. लहानूला हातानं खुणावून सांगितलं, सोमवारी ये. त्यानं विचारलं, बाई, तुमालेबी झालं का काही?

माझा आवाज पूर्ण गेला आहे. ओरडून पाहिलं. उशीत तोंड खुपसून, सगळी ताकद लावून. हवा.

उद्या दादा येईल. फक्त आजचा दिवस.

रविवार, २० मे

सकाळी आत्याला पेज देत होते. नळी हातात होती, सोडता येत नव्हती. मागे बाहेरून कडी लागली.

दुपारी जीप आली. गावचीच, आवाज ओळखला. मग दादाचा आवाज, फाटकात. हाक मारली मला, शामला—

मी दारावर धडका दिल्या. व्हरांड्यात जिजाबाई पत्र्याच्या कोठीवर काहीतरी कुटत होती, माझ्या धडका त्यातच विरल्या. लाकूड जाड. मी ताट आपटलं. ओरडले. ओरडले—

आणि मी बाहेर बोलत होते.

माझा आवाज. व्हरांड्यातल्या टट्टीमागून. "दादा, आत नोको येऊ. आत्याले आत्ताच नीज लागली. मले लू लागली आहे, तोंडाले ओली पट्टी बांधून पडली आहो. पत्र घाबरून लिहिलं होतं रे मी."

दादा म्हणाला, एकदा बघू तरी दे.

मग आत्या बोलली. शिट्टीच्या 'स'सह. "गोपाळ, बापू, मी बरी आहो. माहा आवाज आला ना परत. तू जाय, शेताचं पाह्य."

दादा रडायला लागला. आनंदानं. मला इथवर ऐकू आलं. म्हणत होता, आत्याचा आवाज आला, आत्याचा आवाज परत आला. गाडीवाल्यालाही सांगत होता.

आत्या इथे पलंगावर उठून बसली होती. दोन्ही हात दाराकडे पसरलेले. तोंड उघडं. नळी निसटली होती.

जीप गेली.

सोमवार, २१ मे

लहानू आला असणार. घंटी ऐकली. मग माझा आवाज, त्याला काहीतरी सांगताना. मग घंटी दूर.

शेक चुकला.

खिडकीला गज. सोडवा असं लिहून एक कागद बाहेर फेकला. प्लॉटवर बाभळीला अडकला आहे. इथून दिसतो. कुणी जात नाही त्या बाजूनं.

जेवण दाराखालून येतं. पेज वेळेवर; नळी निघाल्यापासून ती थेंबाथेंबानं आत्याच्या ओठांत सोडते. आत्याची जांभळी रेघ घामानं पुसट होते आहे. मी पुसू देत नाही. वारा घालते.

मंगळवार

दोन शेक चुकले.

बाहेर बोलणं चालू असतं. दुपारभर. म्हातारा, हसणारी बाई, पाढेवाली. त्यांत मी. मी तिला तेराचा पाढा शिकवते आहे. आता बरोबर म्हणते ती—

वामनराव खिडकीशी आले. गज धरून उभे राहिले. कडी काढा म्हणून मी हात जोडले. ते कडीकडे गेलेही. मग स्वयंपाकघरातून त्यांच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, बस खाली. ते बसले.

आत्या माझ्याकडे पाठ करून झोपते. मी हात लावला की अंग चोरते. तिला वाटतं परकं कुणी आहे. नर्स. मी तिचा हात माझ्या तोंडावर नेते, ओठ हलवते. मी आहे. मी आहे. तिला कळत नाही—

बुधवार

दुपार. कडी निघाली आहे.

दार अर्धं उघडं. बाहेर कुणी दिसत नाही. पांढरं ऊन नुसतं.

पळता येईल. पण आत्याला उचलून—रस्त्यापर्यंत तरी—

आता बोलतायत. दारापलीकडेच. आत्या आणि मी. गावचं बोलणं, तळ्याचं, विहाराचं. आत्या हसली. मीही हसले. किती दिवसांत असं हसलो नव्हतो.

पलंगावरची आत्या ऐकते आहे. उठली. पाय खाली सोडले. किती दिवसांनी स्वतःहून—

बाहेरून मी हाक मारली. "आत्या, चाल ना वं बाहीर. मी केव्हाची वाट पाहून राहिली."

तिचा चेहरा उजळला.

मी तिचा हात धरून ठेवला आहे. एका हातानं लिहिते. ती ओढते आहे. तिच्यात एवढी ताकद कुठून—आत्या, मी इथे आहे, ती नव्हे, मी इथे, माझ्याकडे बघ, तुला दिसत नसेल तरी—

ती माझी बोटं एकेक करून सोडवते आहे. हळूच. परक्या माणसाची सोडवावीत तशी. आता दोनच राहिली, आता